नाव काढलं

४ ऑक्टोबर

ती. साळूआत्या,

नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण माझ्या खोलीत माणूस आडवा पडला की दार उघडत नाही. तेव्हा उभ्या उभ्याच मानून घे.

मी कॉलेज सोडलं हे आईने कळवलं असेलच. सरांशी वाजलं, मी प्रयोगवही खिडकीतून भिरकावली. ती प्राचार्यांच्या डोक्यात पडली नाही, पुढ्यात पडली. पण लोक तिखटमीठ लावतात. बाबा एवढंच म्हणाले, "जा आता, नाव काढ घराण्याचं." तेव्हापासून अबोला. मग मला वाटलं, तू आणि बाबा जिथे लहानाचे मोठे झालात त्या बंदरावरच जाऊन राहावं. आजोबांच्या दुकानात आता छत्र्या दुरुस्त होतात. दारावर त्यांनी कोरलेली पितळी पाटी मात्र अजून आहे. छत्रीवाला म्हणतो, स्क्रूच निघत नाहीत.

नोकरी ऐकून हसशील. यॉट क्लबात चषक घासतो. थंडीत क्लबाचा मोठा वर्धापनदिन आहे, त्याआधी कपाटातले सगळे चषक चकचकीत करायचे आणि प्रत्येकासमोर त्याचा इतिहास लिहिलेलं कार्ड ठेवायचं. कार्डांसाठी मला घेतलं, कारण माझं अक्षर चांगलं. दोन वर्षांच्या शिक्षणातून तेवढंच हाती लागलंय. इथली एक पद्धत मला फार आवडली. चषकावर जिंकणाऱ्या माणसाचं नाव कोरत नाहीत, बोटीचं कोरतात. नावेचं नाव. निम्मी अक्षरं आजोबांच्या हातची आहेत, त्यांच्या 'ळ'ची शेपटी मी शंभरात ओळखीन.

आता मदत कर. एका चषकाला एकच कान आहे, सगळे त्याला कानतुट्या म्हणतात. दीपगृहाला वळसा घालून परत यायच्या शर्यतीचा हा चषक. कान कसा तुटला कुणाला ठाऊक नाही. शेवटून पहिल्या येणाऱ्याला पितळेची किटली देतात, ती का? आणि कानतुट्यावर एका वर्षापुढे नावच नाही. जागा गुळगुळीत, पण बोट फिरवलं तर किंचित खळगा लागतो. तिथे काय होतं? क्लबाचे अध्यक्ष, चांगले म्हातारे गृहस्थ आहेत, दर गुरुवारी येऊन कपाटासमोर बसतात. मी ती जागा घासत होतो तर म्हणाले, "तिथे फार जोर लावू नकोस रे."

आणखी एक. मी राहतो ती खोली शिडं शिवणाऱ्या मास्तरांच्या कारखान्यावर आहे. मास्तरांना मुलगी आहे. जाड कापडात सुई घालते तेव्हा ओठ दाताखाली धरते. मास्तर तिला घरात 'सुई' म्हणतात, हे मला जिन्यातून ऐकू येतं. ती बोटही चालवते, माझ्यापेक्षा पुष्कळ बरी. जास्त लिहीत नाही. तुला कळलंच असेल.

तुझा,
काडेपेटी

*

१३ ऑक्टोबर

चि. काडेपेटी,

आशीर्वाद, आणि एक चापट, ती पुढच्या भेटीत.

तुझ्या काकांना पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. प्रयोगवहीपाशी ते इतके हसले की चष्मा पुसावा लागला. मी हसले नाही. घासली की पेटते म्हणून तुला काडेपेटी नाव ठेवलं ते मीच, पण पेटल्यावर काडी आपलंच डोकं जाळते हे तेव्हा सांगायचं राहिलं. कॉलेज सोडलंस ते सोडलंस. भावाला मी फोन केला होता. तो चिडलेला कमी आणि घाबरलेला जास्त वाटला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी आयुष्य काढलंय, आवाजावरून मला माणूस कळतो.

आता तुझे चषक. कानतुट्याच्या कानाबद्दल क्लबवाले तुला वादळ-बिदळ सांगतील. खरं सांगू? एक वर्षी जिंकणाऱ्याला इतका आनंद झाला की चषक हातात घेऊन त्याने धक्क्यावरून पाण्यात उडी मारली. चषक नांगराच्या साखळीत अडकला, कान तिथेच राहिला. तो हिरो पोहत बाहेर आला आणि म्हणाला, "कान मीच धरला होता." पुढे बरीच वर्षं त्याला 'कानधरे' म्हणत.

किटलीची गोष्ट त्याहून बरी आहे. एक बोट इतकी मागे राहिली की ती लागली तेव्हा टाळ्या संपलेल्या, चहा संपलेला, खुर्च्यासुद्धा उचललेल्या. बोटीवरचा माणूस थंडीने निळा पडलेला. क्लबाच्या रखवालदाराची बायको पुढे झाली आणि तिने तळाशी घोटभर चहा उरलेली अख्खी किटलीच त्याच्या हातात दिली. पुढच्या वर्षी तो किटली परत करायला आला, तिच्यावर स्वतःच्या बोटीचं नाव कोरून. तेव्हापासून तो चषक झाला. मला विचारशील तर त्या कपाटात तेवढा एकच खरा चषक आहे.

गुळगुळीत जागेचं काही विशेष नाही. कोरताना चूक झाली असेल. बाबांचा हात त्या सुमारास थरथरायला लागला होता, म्हणूनच क्लबाचं काम सुटलं, हे तू लहानपणापासून ऐकतोयस. बोळा फिरव आणि पुढच्या चषकाकडे वळ.

शिडवाल्याच्या मुलीबद्दल तू 'जास्त लिहीत नाही' म्हणून पाच ओळी लिहिल्यास. जपून रे.

तुझी,
आत्या

*

२२ ऑक्टोबर

साळूआत्या,

अगं, तू बोट होतीस आणि कुणाला सांगितलं नाहीस!

आज कानतुट्या शेवटचा पुसत होतो. काच पुसताना तोंडाची वाफ देतो तशी त्या जागेवर दिली, आणि वाफेत अक्षरं उमटली. क्षणभरच. पुन्हा फुंकलं. 'सा' आला, मग ती शेपटीवाली 'ळ', वर अनुस्वार. साळुंकी! खाली इवलासा पक्षीसुद्धा. मी खोलीत एकटा होतो, नाहीतर कुणालातरी मिठी मारली असती. घरात सगळ्यांत बडबडी म्हणून तुला साळुंकी म्हणायचे, त्याचं साळू झालं, हे बाबांनी मला शंभरदा सांगितलंय. म्हणजे कुणीतरी तुझं नाव बोटीला दिलं आणि शर्यत जिंकली. आणि तू मला 'काही विशेष नाही' म्हणून कळवतेस!

कोण ते मी ओळखलं. "फार जोर लावू नकोस" म्हणणारे अध्यक्ष. दर गुरुवारी ते चषकासमोर बसत नाहीत गं, तुझ्यासमोर बसतात. काकांना वाचून दाखवू नकोस हवं तर. पण मला तुझा हेवा वाटतो. कुणी आपल्यासाठी वादळवाऱ्यात जातं, सगळ्या बंदरासमोर आपलं नाव पुढे आणतं, यापरतं काय हवं? नाव का खोडलं गेलं ते तू सांगणार नाहीस. रुसवेफुगवे झाले असतील. जाऊ दे.

पण मला तू रस्ता दाखवलास. गोदीतल्या फोरमनने एक मोडकी बोट मला दिली आहे, महिनाभर मी तिची डागडुजी करतोय. नाव काय द्यायचं सुचत नव्हतं. आज दुपारीच रंगवलं. दोन्ही बाजूंना, लाल रंगात, हातभर अक्षरात: सुई.

वर ताडपत्री टाकून ठेवली आहे. तिला माहीत नाही. पुढच्या रविवारी सरावाची शर्यत आहे, तेव्हा ताडपत्री काढणार. तिचा चेहरा कसा होतो ते बघायचंय.

तुझा, आनंदाने वेडा झालेला,
काडेपेटी

*

२५ ऑक्टोबर

बाळा,

हे पत्र मिळेल त्या क्षणी उठ आणि ते नाव खरवडून काढ. पत्र नंतर वाच.

काढलंस? मग ऐक.

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होते. अध्यक्ष तेव्हा अध्यक्ष नव्हते, नवी बोट घेतलेला उमदा मुलगा होता. दुकानात बाबांकडे यायचा, माझ्याशी दोन शब्द बोलायचा. वाईट नव्हता, हे तू आधी डोक्यात घे. त्याने बोटीला साळुंकी नाव द्यायचं ठरवलं. रंगाऱ्याला विचारलं, क्लबाला विचारलं, मित्रांना विचारलं. बाबांनासुद्धा विचारलं, आणि बाबा खूश झाले. गावातल्या प्रत्येकाला विचारलं, मला सोडून.

पुढे काय होतं ते तुला कळायचं नाही, तू मुलगा आहेस. शर्यतीच्या दिवशी भोंग्यावरून एक माणूस ओरडत असतो. साळुंकी पुढे. साळुंकी कलली. साळुंकी त्याच्या हाताला बरी वळते हो. धक्का हसायचा. दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवाला विचारायचा, काय साळुंकी, काल दमलीस का. बोटीला त्याने नाव ठेवलं आणि लोकांनी मला नावं ठेवली. मी त्याला हो म्हटलेलं नव्हतं, नाही म्हणायची वेळच आली नव्हती. पण सगळ्यांच्या लेखी ठरून गेलं होतं. मी बाहेर जाणं सोडलं. घरात बोलणं सोडलं. साळुंकी गप्प झाली.

तो जिंकला. बाबांनी चषकावर नाव कोरलं, जीव ओतून, खाली पक्षी काढला, आणि क्लबात द्यायच्या आधी मला दाखवायला घरी आणला. मी पाहिलं आणि एवढंच म्हटलं, "बाबा, मला कुणी विचारलं होतं?"

ते उठून दुकानात गेले आणि स्वतःच्या हाताने नाव काढलं. सपाट केलं, घोटलं, आणि क्लबात तसाच रिकामा चषक नेऊन दिला. क्लबाने पुन्हा कोरा म्हटलं. ते नाही म्हणाले. कारण विचारलं तर म्हणाले, हात थरथरतो आता, जमणार नाही. काम गेलं. मग दुसरीकडची कामंही हळूहळू गेली, थरथरत्या हाताच्या माणसाला कोण काम देतो? पण त्यांनी खरं कारण शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर माझं नाव पुन्हा चारचौघांत आलं असतं. तुझा बाप तेव्हा शाळेत होता. तोही थरथरणारा हातच खरा धरून बसला.

तुझी कंपासपेटी आठवते? पहिलीत असताना आजोबांनी तिच्यावर तुझं अख्खं नाव घातलं होतं, केसाएवढ्या अक्षरात. काढ आणि बघ, कुठे थरथरलंय का.

काढ ते नाव, बाळा.

आत्या

*

९ नोव्हेंबर

आत्या,

तुझं पत्र मला काल मिळालं. तू पाकिटावर नेहमीसारखं 'चि. काडेपेटी, यॉट क्लब' एवढंच लिहिलंस. मागच्या वेळी सेक्रेटरी जागेवर होते, त्यांनी हसत आणून दिलं. या वेळी नवीन कारकुनाला वाटलं काड्यांच्या कंपनीचं काहीतरी आहे. त्याने ते कँटीनमध्ये पाठवलं. पंधरवडाभर ते साखरेच्या डब्यामागे होतं.

सरावाची शर्यत त्याआधीच होऊन गेली.

मी ताडपत्री काढली. लोक टाळ्या वाजवायला लागले, मीही हात हलवला. ती तिच्या वडलांच्या बोटीवर होती, 'ठिगळ' नाव आहे त्या बोटीचं, पहिलं शीड ठिगळांचं होतं म्हणून. तिने माझ्या बोटीकडे एकदा पाहिलं. मग भोंगा सुरू झाला. तू लिहिलंस अगदी तसंच गं. तू लिहिलेलं मी वाचायच्या आधीच कानांनी ऐकलं होतं, आणि मला ते गोड लागत होतं! सुई सुटली. सुई भरकटली. सुईला धागा काही मिळेना. धक्का हसत होता आणि मी बोटीत बसून छाती फुगवत होतो. तिने शीड उतरवलं, शर्यत सोडली, बोट बांधली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली. मला वाटलं लाजली असेल. तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "ते नाव माझ्या आईने ठेवलं होतं. ती गेल्यावर ते फक्त बाबांकडे होतं. आज सकाळी त्यांनी हाक मारली तर मी दचकले. त्यांनाही कळलं. आता ते हाकच मारत नाहीत."

मी तापलो, आत्या. तुझ्यापासून काय लपवू. म्हणालो, महिनाभर राबलो मी तुझ्यासाठी, हाताची सालटं निघाली, दुसरी कुणी असती तर. ती म्हणाली, "विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. ते तुला माहीत होतं, म्हणून विचारलं नाहीस."

त्यानंतर आठवडाभर मी तिच्यावरच चिडून होतो. काल तुझं पत्र वाचलं. कंपासपेटी इथेच आहे, खिळे ठेवतो तिच्यात. ओतली आणि खिडकीशी नेऊन बघितलं. एकसुद्धा रेघ हललेली नाही गं. इतकी वर्षं ती माझ्या दप्तरात होती आणि मी लोकांना सांगत होतो, आमच्या आजोबांचा हात थरथरायचा.

बोटीवरचं नाव कालच खरवडलं. लाकडापर्यंत. पण आता मी गप्प बसणार नाही. हे अध्यक्ष दर गुरुवारी येऊन कपाटासमोर उसासे टाकतात, आणि आमच्या आजोबांचं दुकान छत्र्यांना गेलं. वर्धापनदिनाला सगळं गाव येणार आहे. भोंगा मी हातात घेणार आणि साळुंकी कोण होती, तिच्यावर काय वेळ आणली, आजोबांनी काय केलं, सगळं सगळ्यांसमोर सांगणार. बघू कसे बसतात खुर्चीत.

काडेपेटी

*

१४ नोव्हेंबर

चि. (या वेळी पाकिटावर तुझं पूर्ण नाव घातलंय),

माझ्या नावाने तू भांडणार, भोंग्यावरून, सगळ्या गावासमोर. आणि मला विचारलंस?

एवढंच लिहून पत्र बंद करणार होते. काका म्हणाले, पोराला दोन शब्द आणखी लिही, नाहीतर तो हेही उलटं वाचेल.

अध्यक्ष मला काही वर्षांनी भेटले होते. एक्स्चेंजच्या दाराशी उभे होते. म्हणाले, चषकावर पुन्हा काही घालायचा विषय निघालाय, काय करू? मी म्हटलं, रिकामं राहू द्या. त्यांनी राहू दिलं. तू त्यांना उसासे टाकताना बघतोस. मला वाटतं ते राखण करतात. त्यांच्याशी माझं भांडण मिटलंय, आणि ते मिटवायचं की नाही हे माझं काम होतं. तुझं नव्हतं.

तुझ्या काकांनी पहिल्या भेटीत मला काय विचारलं होतं, माहीत आहे? "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" मी चक्क रडले. ते घाबरले बिचारे, त्यांना वाटलं काहीतरी चुकलं.

मुलीची माफी मागायची असेल तर माग, पण माफी मागून तिथेच उत्तराची वाट बघत उभा राहू नकोस. माग आणि चालू लाग. शर्यतीत उतरायचं असेल तर उतर. बंदरावर येऊन नुसते चषक घासणं काही बरं नाही.

आत्या

*

१ डिसेंबर

ती. साळूआत्या,

भोंगा हातात घेतला नाही. आधी हे सांगतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

माफी मागितली. जिन्यात, दोन वाक्यांत, आणि तू म्हणालीस तसा चालू लागलो. दार बंद झाल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मी मागे वळून बघितलं नाही. फार कठीण गेलं, आत्या.

दीपगृहाच्या शर्यतीसाठी नाव नोंदवायला गेलो. सेक्रेटरी म्हणाले, बोटीचं नाव? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "नावेला नाव नाही तर शर्यतीत नाव नाही. काहीतरी लाव रे, कमळ, शंख, काहीही." मी नाही म्हणून अडून बसलो. रांग खोळंबली. अध्यक्ष शेजारच्या खुर्चीत होते. उठून माझ्याबरोबर धक्क्यावर आले, बोटीच्या दोन्ही बाजूंचं खरवडलेलं लाकूड बघत राहिले. विचारलं, "तिने काढायला लावलं?" मी म्हटलं, नाही, ती काहीच म्हणाली नाही, मीच काढलं. तुझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं, खरं सांगतो. गिळलं. त्यांनी लाकडावर तळवा ठेवला आणि म्हणाले, "मला हे सुचायला एक भला माणूस लागला." मग आत जाऊन सेक्रेटरींना म्हणाले, एक आकडा लिहून घ्या, चालेल.

ते आजोबांबद्दल बोलत होते ना? मी कोण ते त्यांना ठाऊक आहे, असं मला आता वाटतं. मी विचारलं नाही. बघ, शिकतोय.

शर्यतीचं काय सांगू. वळसा घालताना माझा दोर गुंतला, मी तो सोडवत बसलो तोवर सगळे दिसेनासे झाले. परत आलो तेव्हा भोंगेवाला घरी गेला होता, खुर्च्या उचलत होते. 'ठिगळ' जिंकली होती. कानतुट्यावर आता ठिगळ कोरलं जाणार, यावर क्लबात दिवसभर हशा चालला आहे.

धक्क्यावर माझा दोर झेलायला कुणी नसेल असं वाटलं होतं. ती होती. दोर बांधला, किटली पुढे केली. म्हणाली, "गरम आहे, धर नीट." खरोखरच चहा होता आत. तिने करून आणला होता.

मी दोन्ही हातांनी किटली धरली आणि विचारलं, तुला काय म्हणून हाक मारू?

तिने विचार केला. म्हणाली, "ठरलं नाही अजून. ठरलं की सांगेन. तोवर ठिगळवाली म्हण." आणि मग, "तुला घरी काय म्हणतात?" मी सांगितलं, काडेपेटी. ती इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. पण कुणाला सांगितलं नाही. अजूनपर्यंत तरी नाही.

काल जिन्यातून मास्तरांचा आवाज आला. हळूच, जसं कुणी पाणी गरम आहे का ते बोट बुडवून बघतं तसं: "सुई?" आणि आतून उत्तर आलं, "काय हो बाबा." मी जिन्यातच उभा होतो, पाय न वाजवता वर गेलो.

किटलीवर माझ्या वर्षी काय कोरायचं असं कोरणारा विचारत होता. मी जागा रिकामी ठेवायला सांगितली. त्याने मान हलवली आणि खोडरबराने पेन्सिलची रेघ पुसली.

आता सगळी कार्डं लिहून झाली आहेत, एक सोडून. कानतुट्याचं. कान कसा तुटला ते लिहिलं, कानधऱ्यासकट. त्या रिकाम्या वर्षापुढे काय लिहायचं ते लिहिलेलं नाही. काहीच लिहू नको म्हणालीस तर नाही लिहिणार. हात थरथरला असं लिही म्हणालीस तर तेही लिहीन, जिवावर येईल पण लिहीन. तू सांगशील ते.

काय लिहू?

तुझा,
काडेपेटी

*

६ डिसेंबर

चि. काडेपेटी,

तुझं पत्र आलं आणि मी दोन दिवस गप्प होते. काका म्हणाले, साळू, बरं नाही का? बरं होतं. त्या वर्षाबद्दल काय लिहायचं हे मला कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं, त्याचं उत्तर असं चटकन देऊन टाकावंसं वाटेना.

मग भावाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मी त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यायचो गं. सांडेल म्हणून." आणि रडला. तू कसा आहेस ते त्याने तीनदा विचारलं. वर्धापनदिनाला आम्ही तिघंही येतोय. स्टँडवर घ्यायला ये, आणि त्याने काही टोमणा मारलाच तर पेटू नकोस. काकांना किटली बघायची आहे. मला ठिगळवाली बघायची आहे, लांबून. तिला आधी विचार.

आता कार्ड. माझं नाव कुठेच यायला नको, ना साळू, ना साळुंकी. अक्षर सरळ काढ, आजोबांसारखं. असं लिही:

'या जागी एक नाव होते. ज्या कारागिराने ते कोरले, त्यानेच ते काढले. दोन्ही वेळा त्याचा हात स्थिर होता.'

बस एवढंच. आणि तिथे उभं राहून कुणी तुला विचारलंच, कोण रे हा कारागीर, तर सांग की आमचे आजोबा. आमच्या घराण्यात नाव काढलं ते त्यांनी.

तुझी,
आत्या